विमानाचे गचके आणि माझी रोजकीर्द



मागच्या वेळी मुगाच्या सांडग्यांवर लिहिणारी ही बाई आज थेट विमानावर कशी गेली, असे तुम्ही म्हणाल. पण संगणकावर विमान चालवण्याचा खेळ, ज्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात, तो आता आपल्याही घरांत आला आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ झाला, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून पनवेल-पेणपासून मुरुडपर्यंत ज्या घरी जावे तिथल्या नातवंडाला पायलट व्हायचे असते. मग घरच्या संगणकावर हा खेळ येतो, आणि आठ दिवसांत तक्रारही येते, "आजी, अडकतंय." दुकानदाराकडे जा, तो नवीन संगणक घ्या म्हणतो. घेण्याआधी माझे एवढे वाचा.

आमच्याकडे हा खेळ नातवाचा नाही, यांचा आहे.

हे थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झाले त्याला दहा वर्षे होतील. तरुणपणी यांना वैमानिक व्हायचे होते. लेखी परीक्षेत पास झाले, डोळ्यांच्या तपासणीत राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात हा विषय यांनी दोन-तीनदाच काढला असेल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलगा पुण्याहून आमच्याकडे अलिबागला येऊन राहिला, कामासाठी त्याने एक संगणक जुळवून घेतला आणि जाताना इथेच ठेवला. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला होता, तो त्याने वडिलांना त्यात घालून दिला, एक जॉयस्टिक आणून दिली, आणि घरात दुपारच्या चहाची वेळ कायमची बदलली.

तीन वर्षांपूर्वी यांच्या हृदयाला दोन स्टेंट पडले. त्यानंतर यांनी स्वतःहून गाडी चालवणे सोडले. किनाऱ्यावर फिरायला जाणेही कमी झाले. राहिले ते दुपारचे विमान. जुहूहून उडायचे, समुद्र ओलांडून मांडव्यावर यायचे, कुलाबा किल्ला, रेवदंडा, कोर्लई करत जंजिऱ्याला वळसा घालायचा आणि परत जुहूला उतरायचे. जुहू ते जंजिरा सरळ रेषेत साधारण ९० किलोमीटर, छोट्या सेसना विमानाला जेमतेम अर्धा तास. म्हणजे जाऊन-येऊन एक तास. एवढा तास हे माणसात असत.

आणि मग उतरताना विमान आपटू लागले. एकदा नाही, रोज. धावपट्टी समोर आली की नाक वर-खाली व्हायचे, विमान उड्या मारायचे, पडद्यावर अपघात. आठवडाभराने यांनी जॉयस्टिक कपाटात ठेवली आणि मला म्हणाले, "माझा हात गेला. आजारपणात गेला."

मुलाला फोन केला. तो म्हणाला दीड लाखात नवीन यंत्र येईल, मी पाठवतो. हे नको म्हणाले. परिग्रहाचे परिमाण हे एक कारण होतेच, पण खरे कारण वेगळे होते: ज्याचा हात गेला त्याला नवीन यंत्र कशाला? हे वाक्य मला फार लागले. हात गेला की यंत्र गेले, हे आधी ठरवायला नको का? मी १९८१ ची बी.कॉम. संगणकातले मला कळत नव्हते, पण तोटा कुठे होतो आहे हे शोधायचे तर आधी नोंदी लागतात, एवढे कळत होते. एक दोनशे पानी वही घेतली, यांना कपाटातून जॉयस्टिक काढायला लावली आणि दहा दिवस शेजारी बसून रोजकीर्द लिहिली. वेळ, ठिकाण, कोणते विमान, ढग किती, आणि गचका कधी बसला.

आता यातले हिशेबाचे गणित सांगते, कारण ते कळले की बाकी सगळे सोपे आहे.

पडद्यावर विमान हलताना दिसते तेव्हा संगणक एका सेकंदात एकामागोमाग कित्येक चित्रे काढत असतो. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० चित्रे काढायची तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० काढायची तर ३३.३. हे त्या चित्राचे बजेट. तेवढ्यात जमीन, इमारती, ढग, काटे, वारा, विमानाचे वजन, सगळ्याचा खर्च बसवायचा. नाही बसला तर पडदा थांबत नाही, तो जुनेच चित्र पुन्हा दाखवतो. तोच गचका.

इथे एक गंमत आहे जी दुकानदार सांगत नाहीत. आकडा मोठा म्हणजे चित्र सलग, असे नसते. आमचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. संगणक ४५ चित्रे देत असेल तर दर तीन चित्रांतले एक दुप्पट वेळ पडद्यावर राहते आणि दोन एकेकदाच. चाल लंगडते. तेच नेमकी ३० दिली तर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसते, आणि विमान पाण्यातून होडी जावी तसे जाते. महिन्याला कधी पन्नास हजार, कधी दहा हजार असे येण्यापेक्षा दर महिन्याला ठरलेले तीस आलेले घर चालवायला बरे, हे तुम्हाला मी सांगायला नको. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक नावाची ओळ आहे, ती चालू करून मर्यादा ३० वर ठेवायची. पैसे शून्य. नातवाला ३० कमी वाटेल, त्याला भांडू द्या. गोळीबाराच्या खेळात ६० लागत असतील, सेसनाला लागत नाहीत.

दहा दिवसांच्या नोंदींची खतावणी केली तेव्हा दिसले की गचके एका जातीचे नव्हते.

काही मोठे होते, एक-दोन सेकंद सगळे गोठायचे. काही बारीक, पण सारखे, आणि तेही फक्त मुंबईजवळ. काही दिवशी पहिली वीस-पंचवीस मिनिटे सगळे छान, मग कोर्लईच्या पुढे हळूहळू मंद. आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उडवले तर गचका कमी, पण खालची जमीन पातळ पिठल्यासारखी, काही ओळखू येत नाही. चार आजार, चार कारणे. सगळ्यांना एकच औषध सांगणाऱ्या यूट्यूबवरच्या मुलांचे ऐकू नका. संगणक वेगवान करून देतो म्हणून पैसे मागणारी सॉफ्टवेअर तर मुळीच घेऊ नका.

मोठा गचका मेमरीचा होता. या सिम्युलेटरला किमान ८ जीबी मेमरी लागते, १६ असावी असे कंपनीच सांगते. आमच्यात ८ ची एकच पट्टी होती. ओटा भरला की आपण भांडी जमिनीवर ठेवतो आणि मग दर वेळी वाकावे लागते, तसे मेमरी भरली की संगणक हार्डडिस्कवर सामान ठेवतो आणि तिथून आणताना गोठतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये हे सरळ दिसते: मेमरी ९५ टक्के, डिस्क १०० टक्के. तेवढीच दुसरी पट्टी घातली. दोन पट्ट्या असल्या की संगणक दोन्हीकडून एकदम सामान उचलतो, तो फायदा वेगळा. शिवाय सिम्युलेटर हार्डडिस्कवरून एसएसडीवर हलवला. दोन्ही मिळून त्या वेळी सव्वापाच हजार लागले. एकूण खर्च एवढाच. हल्ली मेमरीचे भाव चढले आहेत, तेव्हा आधी टास्क मॅनेजर बघा आणि गरज असली तरच घ्या. आमच्याकडे आलेल्या मुलाने जुनी पट्टी काढली तेव्हा तिचे सोनेरी दात काळवंडलेले होते. खारी हवा. त्याने खोडरबराने ते घासले आणि परत बसवली.

आता मुंबईजवळचे बारीक गचके. यांना वाटत होते की हात गेला, ते याच गचक्यांमुळे.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा तुम्हाला ठाऊक असेल. ती इथे १९०४ साली आली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या आणि त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापे बिघडली असती. डॉ. मूस नावाचे पारशी संचालक होते, त्यांनी ती गोंगाटापासून दूर, आपल्या किनाऱ्यावर आणली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे बरोबरीने मोजमापे घेतली आणि मग कुलाब्याची बंद केली. सकाळी मंदिरात जाताना त्या बाजूने जाणे झाले आणि वाटले, आपणही हेच करावे. मोजायचे तर शहरापासून दूर मोजावे.

त्या दुपारी यांना मी जुहूऐवजी रत्नागिरीच्या धावपट्टीवर उतरायला लावले. तेच विमान, तोच वारा, तोच संगणक, फक्त आजूबाजूला मुंबई नाही. सहा वेळा उतरले. चार वेळा स्वच्छ, एकदा थोडे आपटून, एकदा धावपट्टीच्या बाहेर. मी वहीत लिहिले आणि वही यांच्यापुढे ठेवली. बराच वेळ हे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा एकदा करतो," आणि सातव्यांदाही नीट उतरले.

मग जुहूलाच काय होत होते? सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये एक छोटी चौकट उघडते, ती सांगते की चित्र कुणामुळे अडले आहे. आमच्याकडे समुद्रावर काही नसे, मुंबई जवळ आली की लिहून येई, 'लिमिटेड बाय मेन थ्रेड'. याचा अर्थ असा: पंगतीला पोळ्या करायच्या आहेत, चार जणी चार तव्यांवर भाजायला बसल्या आहेत, पण लाटणारी एकच. तवे तापून बसतात, पोळी येत नाही. आमच्या प्रोसेसरला सहा कोअर, पण सिम्युलेटरचे मुख्य काम एकाच कोअरवर, आणि ती बिचारी हजारो इमारतींचा हिशेब लाटत होती. म्हणून एकूण वापर बघितला तर ४० टक्के दिसतो आणि आपल्याला वाटते यंत्र आरामात आहे.

समुद्राकडून जुहूला येताना तोंड पूर्वेला असते, म्हणजे समोर सगळी मुंबई. नेमके त्याच क्षणी नाक अलगद उचलायचे असते. हे जॉयस्टिक ओढायचे, चित्र हलायचे नाही. म्हणून आणखी ओढायचे. मग दोन्ही ओढी एकदम पडद्यावर यायच्या आणि नाक आभाळात. खाली दाबायचे, तेही उशिरा. तुमच्या-माझ्या हातात दिले तरी हेच होईल.

यावर नवीन ग्राफिक्स कार्ड घेतले असते तर काडीचाही उपयोग नव्हता. तो पाचवा तवा झाला असता. लाटणारीचे काम कमी करायचे. सेटिंगमध्ये 'टेरेन लेव्हल ऑफ डिटेल' नावाची पट्टी आहे, म्हणजे आजूबाजूला किती लांबपर्यंतची जमीन बारकाव्याने दाखवायची. आमची २०० वर होती, ती ८० वर आणली. अंतर दुप्पट केले की क्षेत्रफळ चौपट होते, तेव्हा इथली कपात मोठी बचत देते. रस्त्यावरच्या गाड्या, बोटी, विमानतळावरची माणसे आणि इतर विमाने बंद केली. इमारतींचा तपशील मध्यमवर. आणि यांचे टीव्हीसारख्या पडद्यांचे विमान काढून काट्यांची सेसना १५२ घेतली, कारण ते पडदेही त्याच एकीला रंगवावे लागतात. ढगांना हात लावला नाही. ढगांचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डवर असतो, आणि ते तर रिकामेच बसले होते. पावसाळ्यातले ढग यांना हवे असतात.

बाकी दोन आजार लवकर आटोपले. मंद होणे उष्णतेचे होते. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात होता, पंख्यावर धुळीचा थर. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. कप्प्यातून बाहेर काढला, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला, मऊ ब्रशने साफ केला. साफ करण्याआधी झाकण उघडून दहा मिनिटे तसेच ठेवा आणि आत बघा, उबेला कोळी आणि मुंग्या येऊन बसतात. त्यांना आधी वाट द्या. ब्लोअर लावू नका. आणि संध्याकाळची पातळ जमीन म्हणजे इंटरनेट. हा सिम्युलेटर खालचे नकाशे उडता उडता आणतो, कंपनी २० एमबीपीएसचा वेग असावा म्हणते. संध्याकाळी आमच्या गल्लीत सगळे टीव्ही बघतात. त्यात 'मॅन्युअल कॅश' अशी सोय आहे, जुहू ते जंजिऱ्याचा पट्टा एका पहाटे उतरवून ठेवला. तसेही साडेपाचनंतर आमच्याकडे विमान नको, सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचे असते.

ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप आहे त्यांनी 'फ्लाइटगिअर' बघावा. तो फुकट आहे, नव्वदच्या दशकापासून हौशी लोक मिळून तो करत आले आहेत, आणि चित्र साधे असले तरी विमान विमानासारखेच वागते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच चालवा. आणि नातवंडांना एक सांगून ठेवा: कमर्शियल पायलटच्या परवान्याला उड्डाणाचे २०० तास लागतात, घरच्या संगणकावरचा एकही तास त्यात धरत नाहीत. सराव म्हणून चांगले, हिशेबात नाही.

एक प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. यांनी स्टेंटनंतर दिग्व्रत घेतले आहे, दक्षिणेला अमुक, उत्तरेला तमुक अशी मर्यादा ठेवून. माझ्या नणंदेने विचारले, पडद्यावरून मर्यादेबाहेर गेले तर? हे म्हणाले, देह खुर्चीत असतो. ती म्हणाली, मन जाते ना? चातुर्मासात माताजींना विचारायचे ठरले आहे. तोवर हे जंजिऱ्याच्या पुढे जात नाहीत. ते रत्नागिरी मी लावले होते, आणि तेव्हा व्रत घेतलेले नव्हते.

जुहूला पुन्हा उतरायला लागले त्याला आता दोन वर्षे झाली. सगळेच उतरणे चांगले असते असे नाही. बारीक गचके गेल्यावर कळले की यांचा डावा पाय रडरवर थोडा उशिरा पडतो, आणि आडवा वारा असला की विमान तिरके टेकते. ते संगणकाचे नव्हे. हे त्यावर काम करत आहेत, आणि गेल्या मार्गशीर्षापासून सकाळी पायी किनाऱ्यापर्यंत जाऊन येतात, पायाला व्यायाम म्हणून.

वही चालू आहे. तिच्यात आता दोनच रकाने ठेवले आहेत, 'यंत्राचे' आणि 'यांचे'. कालची नोंद: जुहू, वारा वायव्येचा, चित्र सलग. यंत्राचे गचके ०. यांचा १.